छोट्या भाषा गेल्या तर काय बिघडतं? गोव्यात मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हा विषय काढला की गोव्यात दोन गोष्टी हमखास होतात. एक म्हणजे कोणीतरी लगेच मराठी-कोंकणी वाद उकरून काढतो, आणि दुसरी म्हणजे कोणीतरी चहाचा कप खाली ठेवत म्हणतो, "अगो, पण खरंच काय फरक पडतो?" पहिल्याला उत्तर देत बसायचं मी सोडून दिलंय. दुसऱ्याचा प्रश्न मात्र चांगला आहे आणि तो मला लग्नाच्या मांडवात, वाचनालयात, एकदा तर दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत तोंड उघडं असताना विचारला गेलाय, तेव्हा तर मला उत्तरही देता आलं नाही. म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते. मी डिचोलीची. घरात कोंकणी, शाळा मराठी, देवळात भजन मराठी, नोकरी इंग्लिशमध्ये, बाजारात अर्धी हिंदी. म्हणजे अगदी टिपिकल गोंयकार. भाषाशास्त्र शिकलेली नाही, पण वाचलंय बऱ्यापैकी.

सरळ सांगा, फरक पडतो की नाही?

पडतो. पण भाषणात म्हणतात ना, "मानवजातीचा अमूल्य ठेवा" वगैरे, त्या कारणाने मला तरी पडत नाही. मानवजात ही काही माझ्या घरी जेवायला येत नाही.

माझं कारण असं. आमच्या कोंकणीत वयाने लहान बाईला, मुलीला नपुंसकलिंगात बोलतात. "ती आली" नाही, "तें आयलें". मालवणीतही आहे हे. पुस्तकी मराठीतून आलेल्या माणसाला विचित्र वाटतं, माझ्या पुण्याच्या एका मैत्रिणीला तर तो बायकांचा अपमानच वाटला, आणि तिला समजावता समजावता माझा घसा बसला. माझी आजी मला शेवटपर्यंत "तें" म्हणायची. मी चाळीशीला आले, केस पिकायला लागले, तरी मी दारात पाऊल टाकलं की आतून आवाज यायचा, "आयलें गो तें?" त्यात लाड होता, हक्क होता, आणि "तू माझ्यासमोर अजून एवढीशीच" हे होतं. आता याचं भाषांतर होतच नाही असं मी म्हणणार नाही, आत्ता चार ओळींत केलंच की मी. पण समजावून सांगणं वेगळं आणि कोणीतरी आपल्याला तसं हाक मारणं वेगळं. आजी गेली आणि मी "तें"ची "ती" झाले. कोंकणी अजून जिवंत आहे, लाखो लोक बोलतात, तरी माझं एवढं गेलं. ज्यांची अख्खी भाषाच गेली त्यांचं काय होत असेल, हिशेब तुम्हीच करा.

जगात भाषा आहेत तरी किती? आणि जाणार किती?

जिवंत भाषा साधारण ७,००० धरतात. युनेस्कोच्या धोक्यातल्या भाषांच्या नकाशात २,५०० च्या आसपास आहेत, त्यात भारतातल्या १९७. गणेश देवींच्या टीमने भारतीय भाषांचं लोकसर्वेक्षण केलं त्यात ७८० भाषा सापडल्या. सरकारी जनगणनेत मात्र २०११ साली १२१ च दिसतात, कारण १०,००० पेक्षा कमी लोक बोलत असतील तर ती भाषा वेगळी दाखवतच नाहीत, "इतर" मध्ये ढकलून देतात. "इतर" ही आपल्या देशातली सगळ्यात इंटरेस्टिंग भाषा आहे असं माझं मत आहे.

भाषा तर बदलतच असते. ज्ञानेश्वरांची मराठी आज कोण बोलतं?

हा प्रश्न दर वेळी येतो आणि विचारणाऱ्याला वाटतं की आता हिची बोलती बंद.

बदलणं आणि तुटणं यात फरक आहे हो. ज्ञानेश्वरी १२९० ची. तिथपासून आजपर्यंत एकही पिढी अशी नाही की जिला आपल्या आजीचं बोलणं कळलं नाही. थोडं थोडं सरकत सरकत आपण इथवर आलो, साखळी कुठे तुटली नाही. आता दुसरं उदाहरण घ्या. उबिख नावाची भाषा होती, मूळची कॉकेससमधली, रशियन साम्राज्याने १८६० च्या दशकात त्या लोकांना हाकललं, ते तुर्कस्तानात गेले, आणि तिथे तेव्फिक एसेंच नावाचा तिचा शेवटचा जाणकार १९९२ मध्ये वारला. ८० च्या वर व्यंजनं होती त्या भाषेत, आणि स्वर दोन की तीन यावर अभ्यासकांची अजून चर्चा चालू असते. त्या माणसाची मुलं तुर्की बोलतात. उबिख "बदलून" तुर्की झाली का? नाही. एक दोर सुटला आणि दुसरा हातात आला, इतकंच.

भाषा मेली असं आपण शेवटचा म्हातारा गेला की म्हणतो, पेपरात फोटो येतो. पण ती त्याच्या साठ-सत्तर वर्षं आधी कुठल्यातरी स्वयंपाकघरात संपलेली असते, आई-बाप पोरांशी दुसऱ्या भाषेत बोलायला लागले त्या दिवशी. आणि त्या दिवशी कुणालाच काही कळत नाही. सगळे खूश असतात उलट, पोरगं किती छान बोलतंय म्हणून.

पण लोक आपणहून सोडतात ना? मग तुम्ही आम्ही कोण अडवणार?

आपणहून म्हणजे कसं, ते बघू. मी प्रायमरीत होते तेव्हाची गोष्ट. वर्गात सत्तरी तालुक्याच्या डोंगरातल्या धनगर-गवळी वस्तीवरची एक मुलगी होती. ती घरी जे बोलायची ते ना पुस्तकी मराठी, ना फोंड्याकडची अंत्रुजी कोंकणी. तिसरंच काहीतरी, आणि कानाला फार गोड. बाईंनी विचारलं, उशीर का झाला. ती काहीतरी बोलली, पाड्यावरच्या शब्दांत. बाई हसल्या, मग सगळा वर्ग हसला, मीपण हसले. दुसऱ्या दिवसापासून ती बोलायचीच बंद झाली. आणि जेव्हा पुन्हा बोलायला लागली, दिवाळीनंतर वगैरे, तेव्हा आमच्यासारखं बोलायला लागली. आता ती मोठी झाल्यावर स्वतःच्या पोरांशी कुठल्या भाषेत बोलत असेल? आणि त्याला "आपणहून" म्हणायचं का?

म्हणून "लोक स्वतःच सोडतात" हे वाक्य मला अर्धवट वाटतं. पोटासाठी सोडतात, ते मान्य. पण पोटासाठी दुसरी भाषा शिकणं पुरतं, पहिली टाकावी लागत नाही. टाकायला लावते ती लाज. आणि ती लाज कोणीतरी दिलेली असते, बऱ्याचदा आपणच, मराठी शाळेत शिकलेल्या आपल्यासारख्यांनीच.

पोर्तुगीजांनी कोंकणीवर बंदी घातली तरी ती मेली नाही. मग आता एवढी काळजी कशाला?

हा माझा आवडता प्रश्न, जरा लांब उत्तर देते.

२७ जून १६८४ ला व्हाइसरॉयने हुकूम काढला, लोकांनी तीन वर्षांत पोर्तुगीज शिकायची आणि आपली भाषा सोडायची. गंमत म्हणजे त्याच्या ४४ वर्षं आधी, १६४० मध्ये, कोंकणीचं छापील व्याकरण इथेच निघालं होतं, फादर थॉमस स्टीफन्स या इंग्लिश जेझुइटाने लिहिलेलं. म्हणजे एका पिढीतल्या पाद्र्यांनी भाषा शिकून घेतली आणि पुढच्यांनी ती मोडायला घेतली. (याच स्टीफन्सने मराठीतून ओव्याही लिहिल्या, त्यामुळे आमच्याकडचे मराठीवाले आणि कोंकणीवाले दोघेही त्याला आपला म्हणतात, बिचाऱ्याला मेल्यावरही सुट्टी नाही.)

पण तो हुकूम गावात कोण पाळणार? शेतात, विहिरीवर, चुलीपुढे पोर्तुगीज शिकवायला कोणी येणार नव्हतं. बाई पोराशी जे बोलायची तेच बोलत राहिली. पोर्तुगीज १५१० ते १९६१ इथे होते, साडेचारशे वर्षं, आणि ते गेले तेव्हाही बहुतेक गोंयकारांना पोर्तुगीज येत नव्हती. आपल्या बोलण्यात राहिले ते शब्द. कोंकणीत जनेल, कुलेर, पोदेर, आणि मराठीत तर आपल्याला पत्ताही नाही इतके मुरलेले: पगार, चावी, बालदी, घमेलं, बिजागरी, तुरुंग, पाव. मानकुराद आंबा खाताना कोण आठवतंय पोर्तुगीज.

तर मुद्दा हा की बाहेरून आलेला हुकूम दारातच अडला, कारण घरातल्यांनी तो आत घेतला नाही. आता हुकूम नाहीये, आता आपणच आत घेतोय. चार वर्षांच्या पोराला "कम हियर, डोंट टच, वॉश युवर हँड्स" हे गोव्यात आता व्हाइसरॉय म्हणत नाही, आजी म्हणते. मोडकं म्हणते, पण म्हणते, कारण सुनेने सांगितलंय.

आणि ज्यांना वाटतं की राज्यकर्त्यांची भाषा कधी मरत नाही, त्यांनी पणजीत फोंतेन्या या जुन्या भागात फिरून यावं. घरात पोर्तुगीज बोलणारी जुनी माणसं आता किती उरली बघा. कोचीजवळ पोर्तुगीज आणि मल्याळमच्या मिश्रणातून झालेली एक भाषा होती, तिचा शेवटचा बोलणारा विल्यम रोझारियो २०१० मध्ये वारला. उलट रायगडात रेवदंड्याजवळ कोर्लई गाव आहे. पोर्तुगीज १७४० मध्ये चौल मराठ्यांना देऊन निघून गेले, आणि त्या गावातले ख्रिस्ती लोक अजून पोर्तुगीज शब्दांची एक भाषा बोलतात, वाक्याची ठेवण मात्र पुष्कळशी मराठीसारखी, क्रियापद शेवटी. पावणेतीनशे वर्षांहून जास्त, चारी बाजूंनी मराठी, बोलणारे हजाराच्या आतबाहेर. महाराष्ट्रातल्या किती जणांना माहीत आहे हे? अलिबागला वीकएंडला जाणाऱ्यांना तरी?

सगळ्यांची एकच भाषा असती तर भांडणं मिटली नसती का?

रवांडात सगळे किन्यारवांडा बोलतात. १९९४ मध्ये काय झालं ते वाचा. लांब कशाला, आमच्या वाड्यावर दोन भाऊ आहेत, एकच भाषा बोलतात आणि मधल्या गडग्यावरून वीस वर्षं कोर्टात आहेत.

अहो मराठीच धोक्यात आहे, तुम्ही छोट्या भाषांचं काय घेऊन बसलात?

२०११ च्या जनगणनेत मराठी बोलणारे ८.३ कोटी. २०२४ मध्ये अभिजात दर्जाही मिळाला. मराठीचे प्रश्न आहेत, शाळा बंद पडतायत, शहरात लोक मराठी माणसाशीच हिंदीत बोलतात, सगळं खरं. पण ८.३ कोटींची भाषा धोक्यात आणि काही हजारांची काय मग, आयसीयूत?

बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदच्या बाजूला निहाली नावाची भाषा आहे. काही हजारच माणसं बोलतात. ती मराठीच्या घराण्यातली नाही, द्रविड नाही, शेजारच्या कोरकूच्याही नाही, जगात तिचं नातं कुणाशी लागलेलं नाही. अशी भाषा युरोपात असती तर तिकीट लावून दाखवली असती. आपल्या राज्यात, म्हणजे तुमच्या, मी गोव्याची, ती आहे हे मला चाळिशीत कळलं आणि तेही चुकून. मराठीला हिंदी-इंग्लिशकडून जे वाटतं, ते निहालीला, कोर्लईला, आमच्या पाड्यावरच्या मुलीला मराठीकडून वाटत असेल, एवढं जरी सुचलं तरी मला चालेल. आपण एकाच वेळी जावई आणि सासरा दोन्ही आहोत.

गोव्यात मराठी नक्की किती? आकडे काय सांगतात?

२०११ ला गोव्याची लोकसंख्या १४.५८ लाख, त्यात कोंकणी मातृभाषा सांगणारे सुमारे ६६ टक्के, मराठी ११ टक्क्यांच्या जरा खाली, आणि हिंदी १० च्या वर, म्हणजे मराठीच्या अगदी टाचेला टाच लावून.

पण हे आकडे कसे जमतात ते माझ्या डोळ्यांदेखत झालंय. गणनेवाले मास्तर आमच्या व्हरांड्यात बसले होते, पप्पा त्यांच्यासमोर. "मातृभाषा?" पप्पा म्हणाले, "मराठी." आतून आजी, तांदूळ निवडता निवडता, कोंकणीत ओरडली, "कोंकणी बरय रे!", म्हणजे कोंकणी लिही. पप्पा तिला म्हणाले, "तू गप्प गे आवय," हेपण कोंकणीतच. मास्तरांनी पेन हातात धरून दोघांकडे बघितलं, मग चहाकडे बघितलं, आणि काय लिहिलं ते आम्हाला अजून माहीत नाही. पप्पा खोटं बोलत नव्हते बरं का. त्यांनी पोथ्या मराठीत वाचल्या, पेपर मराठी, नाटकं मराठी, पत्रं मराठीत लिहिली. त्यांच्यासाठी जी भाषा मान देते ती मातृभाषा. आजीसाठी जी आईने शिकवली ती.

आणखी दोन गमती. जनगणनेत मालवणी कोंकणीखाली धरतात, जे सावंतवाडी-कुडाळच्या लोकांना सांगितलं तर जेवायच्या ताटावरून उठतील. आणि आमच्या बीचवर माळा विकणाऱ्या लमाणी बायका, त्यांची भाषा धरतात हिंदीत. म्हणजे हिंदी मोठी दिसते त्यात त्या बायकाही आहेत, ज्यांना हिंदी गिऱ्हाइकांमुळे यायला लागली.

अजून एक आकडा, जो इथले लोक बोलत नाहीत. देशभरात कोंकणी बोलणारे २००१ मध्ये २४.८९ लाख होते, २०११ मध्ये २२.५६ लाख. घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी फक्त दोन घटल्या, कोंकणी आणि उर्दू. त्यातला कितीसा भाग खरा आणि कितीसा व्हरांड्यातला, देव जाणे.

कोंकणी ही भाषा की मराठीची बोली?

१९७५ साली साहित्य अकादमीने स्वतंत्र भाषा मानली, १९८७ ला गोव्याची राजभाषा झाली (मराठीही सरकारी कामाला वापरायची अशी सोय ठेवून), १९९२ ला आठव्या अनुसूचीत आली, दोन ज्ञानपीठ मिळाले, रवींद्र केळेकर आणि दामोदर मावजो. आता तरी सोडा. या वादात आम्ही पन्नास वर्षं घालवली आणि दोन्हीकडची पोरं इंग्लिश मीडियमला गेली.

भाषेबरोबर ज्ञान जातं म्हणतात. खरं की नुसती फेकाफेकी?

थोडं खरं, थोडी फेकाफेकी. "त्या भाषेत कॅन्सरचं औषध दडलेलं असेल" टाइप जे असतं ते मला पटत नाही, वनस्पती काही शब्दाबरोबर वाळत नाही. आणि माणसं भाषा बदलूनही ज्ञान नेऊ शकतात. पण नेतात का, हा प्रश्न.

आमच्याकडे खाजन जमिनी आहेत, खाडीच्या पाण्याला बांध घालून काढलेली शेतं. बांधाला एक दार असतं, त्याला मानस म्हणतात. भरतीचं पाणी त्या लाकडी फळ्या बाहेरून ढकलून बंद करतं, सुकती लागली की आतलं पाणी त्याच फळ्या उघडून बाहेर पडतं, वीज नाही, मोटर नाही, शेकडो वर्षं चाललंय. त्या दाराशी जाळं लावून शेवटे, चणक, सुंगटां अशी मासळी धरतात. आत कोरगूट भात पेरतात, कारण ते थोडा खार सहन करतं. आता यातला प्रत्येक शब्द म्हणजे एक सूचना आहे. "सुकती" म्हणजे ओहोटी, ठीक. पण मानशीवर बसणारा माणूस सुकतीचे प्रकार सांगतो, पाणी कधी रेंगाळतं, कधी झपकन जातं, आणि त्यावर जाळं कधी लावायचं ते ठरतं. त्याच्या पोराने बी.कॉम. केलंय, दुबईत आहे, चांगलं कमावतो. त्याला "टाइड" माहीत आहे. एवढंच. ज्ञान शब्दासोबत गेलं की कामासोबत? मला विचाराल तर काम आधी गेलं, मग शब्द. पण शब्द राहिले असते तर निदान काहीतरी होतं हे तरी कळलं असतं.

शब्द गेल्याचं दिसतं कसं, तर गेल्या मे महिन्यात भाच्याला म्हटलं, "रे, माडाखालचो पिडो हाड." पिडो म्हणजे माडाच्या झावळीचा जाडजूड दांडा, चुलीला लागतो. तो गेला आणि पाच मिनिटांनी झाडू घेऊन आला. मग मी विचारत गेले. आडसर, म्हणजे अर्धवट तयार झालेला नारळ? माहीत नाही. सोडण, म्हणजे नारळाचं वरचं साल? माहीत नाही. कट्टी? ती माहीत होती, कारण क्राफ्टच्या पिरियडला करवंटीवर रंगकाम केलं होतं. म्हटलं, मग याला सगळ्याला काय म्हणतोस? म्हणाला, "कोकोनट."

दुसरी बाजूही आहे. छोट्या भाषांतून माणसाच्या डोक्याबद्दल खरंच नवीन कळलंय. ऑस्ट्रेलियातल्या गूगू यिमिथिर भाषेत (कांगारू हा शब्द तिच्यातूनच आला) डावं-उजवं म्हणत नाहीत, पूर्व-पश्चिम म्हणतात, अगदी पायावर मुंगी चढली तरी दक्षिणेच्या पायावर. म्हणजे तिथल्या पोराला कायम दिशा माहीत हवी. हे कळायच्या आधी बऱ्याच मोठ्या लोकांना वाटत होतं की डावं-उजवं सगळ्या माणसांना जन्मजात असतं.

रेकॉर्ड करून ठेवलं की झालं ना? आता तर फोन आहेत सगळ्यांकडे.

ठेवाच. नक्की ठेवा. पण रेकॉर्डिंग म्हणजे लोणचं, कैरीचं झाड नव्हे.

अंदमानात बोआ सीनियर नावाची बाई होती, बो भाषेची शेवटची बोलणारी. २००४ च्या सुनामीतून वाचली, जानेवारी २०१० मध्ये वारली, वय ८५ च्या आसपास. अन्विता अब्बी या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी तिचं बोलणं, गाणी रेकॉर्ड केली, फार मोठं काम आहे. त्यांनीच सांगितलंय की बोआ पक्ष्यांशी बोलायची, कारण तिची भाषा समजणारं माणूस उरलंच नव्हतं. आता ते रेकॉर्डिंग आपण ऐकू शकतो. पण त्यात तिला उत्तर देणारं कोणी नाही.

कागद अगदीच फुकट जातो असं मात्र नाही. अमेरिकेतल्या वाम्पनोआग लोकांची भाषा शंभरावर वर्षं कोणी बोलत नव्हतं, पण १६६३ मध्ये त्या भाषेत बायबल छापलं होतं, त्यावरून जेसी लिटल डो बेअर्ड या बाईने ती शिकून काढली आणि आपल्या मुलीला जन्मापासून तीच बोलून वाढवली. म्हणजे ज्यांनी धर्म बदलायला पुस्तक काढलं त्यांच्याच पुस्तकातून भाषा परत निघाली. आमचा स्टीफन्स आठवला मला.

मग मेलेली भाषा परत येते?

येते, पण फार क्वचित, आणि कोणीतरी वेड्यासारखं घरात बोलायला सुरुवात करावी लागते. हिब्रू सगळ्यांना माहीत आहे. मँक्सचा किस्सा मात्र ऐका. ब्रिटन आणि आयर्लंडच्या मधलं एक बेट, तिथला शेवटचा जन्मजात बोलणारा १९७४ ला वारला. युनेस्कोने २००९ मध्ये भाषा नामशेष म्हणून टाकली. तेव्हा तिथल्या मँक्स मीडियम शाळेतल्या पोरांनी पत्र लिहिलं, मँक्समध्येच: आमची भाषा मेली असेल तर हे पत्र कुठल्या भाषेत आहे? युनेस्कोने नोंद बदलली.

पण सगळ्यात शहाणं काम न्यूझीलंडच्या माओरी लोकांनी केलं. १९८२ पासून त्यांनी बालवाड्या काढल्या, कोहांगा रेओ, म्हणजे भाषेचं घरटं. आई-बापांना भाषा येत नव्हती, आजी-आजोबांना येत होती, म्हणून मधली पिढी सरळ वगळली आणि नातवंडांना आजीपाशी बसवलं. आपल्याकडे अंगणवाडी गावोगाव आहे आणि आज्या दुपारी सीरियल बघत बसलेल्या आहेत. बघा काही सुचतंय का.

सरकार काही करतं का?

करतं, म्हणजे योजना आहे. मैसूरच्या भारतीय भाषा संस्थेतर्फे २०१३ पासून १०,००० पेक्षा कमी बोलणाऱ्या भाषांची व्याकरणं, शब्दकोश करायचं काम चालतं. घटनेच्या ३५० क कलमात भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं असं लिहिलंय. गोव्यात १९९० मध्ये प्रादेशिक भाषांच्याच प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचं ठरलं होतं, २०११ मध्ये ते इंग्लिशला खुलं केलं, आणि त्याच्या विरोधात मराठीवाले आणि कोंकणीवाले एका मंचावर बसले. तो फोटो मी जपून ठेवलाय, कारण पुन्हा बसतील असं वाटत नाही.

मग पोरांना इंग्लिश शिकवायचंच नाही? त्यांचं नुकसान करायचं?

कोण म्हणालं? शिकवा, चांगलं शिकवा. आमची आजी चौथी शिकलेली नव्हती, तरी बाजारात मासेवालीशी कोंकणी, भजनात मराठी, कानडी भाजीवाल्याशी मोडकी कानडी. माणसाच्या डोक्यात चार भाषा आरामात राहतात, त्या काय एका खोलीत राहणारे भाडेकरू आहेत का एक आला की दुसऱ्याने निघायला. इंग्लिश आणायला घरातली भाषा बाहेर काढावी लागते हे आपल्याला कोणी पटवलं तेच मला कळत नाही.

मी एकटी/एकटा काय करू शकतो?

घोषणा नकोत. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला "तुमच्या काळाबद्दल सांगा" असं मोघम विचारू नका, ते लाजतात आणि गांधीजींबद्दल बोलायला लागतात. त्यांच्या हातात काहीतरी द्या. मी मावशीसमोर मासळीची पाटी ठेवली आणि फोन रेकॉर्डिंगला लावून बाजूला ठेवला. पंचेचाळीस मिनिटं. मुडदुशी कशी धरायची, लेपो कुठे मिळतो, कुठल्या महिन्यात तारल्यांना चरबी, कुठल्या मासेवालीने १९७० च्या दशकात तिला फसवलं, सगळं. त्यात किती शब्द आहेत मी अजून मोजतेय. आणि दुसऱ्याच्या बोलण्याला हसू नका. हे फुकट आहे आणि सगळ्यात अवघड आहे, मला अजून जमत नाही, पेडण्याकडचा हेल ऐकला की ओठ हलतातच.

आणि तुम्ही स्वतःच्या मुलीशी कुठल्या भाषेत बोलता?

वाटलंच होतं, कोणीतरी विचारणार.

अभ्यासाचं सगळं इंग्लिशमध्ये, कारण टेस्ट इंग्लिशमध्ये असते. गोष्टी मराठीत. ओरडते कोंकणीत, ते आपोआप होतं. त्यामुळे तिला कोंकणी म्हणजे आई चिडली की लागणारं स्टेशन असं वाटत असणार. ती समजते सगळं, उत्तर देते इंग्लिशमध्ये. मी वर एवढं लांबलचक लिहिलंय आणि घरात हे असं आहे, काय लपवायचं.

परवा पावसात शेजारचं मांजर भिजून आमच्या पायरीवर आलं, तर ही आतून ओरडली, "मम्मा, तें आयलें!" मी पोळी करपवून बाहेर गेले. आता मांजर तसंही नपुंसकलिंगीच, मराठीतही आणि कोंकणीतही, त्यामुळे व्याकरणाच्या हिशेबात याला शून्य मार्क. तरी मी कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी तारीख लिहून ठेवलीय.